आल्प्समधल्या जुन्या फ्रेंच गावात आठवडाभर स्कीइंग: कोल्हापूरहून, आजी आणि दोन मुलांसह. कुठलं गाव निवडावं?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत आम्ही पाच जण फ्रान्सला जायचं म्हणतोय: मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई. त्या सदुसष्ट वर्षांच्या आहेत. रोज पहाटे रंकाळ्यावर चालायला जातात, गुडघे शाबूत आहेत, रक्तदाबाची गोळी तेवढी चालू आहे. गळ्यात माळ आहे, त्यामुळं मांस, मासे, अंडं नाही आणि दारूचा थेंबही चालत नाही.

मुलांना स्कीइंग शिकायचंय. नुसतं बर्फात लोळून फोटो काढायचे नाहीत, नीट शिकायचंय. मुलगी वर्षभर व्हिडिओ बघतेय आणि मोजे घालून घरच्या फरशीवर वळणांचा सराव करतेय. एका टूरवाल्यांकडं चौकशी केली, तर त्यांनी नऊ दिवसांत पाच शहरं आणि एका दुपारी ‘बर्फावर दोन तास’ असा कार्यक्रम हातात दिला. एवढे पैसे घालून मुलं दोन तासांत काय शिकणार?

माझ्या मनात एक जुनं गाव आहे. चौक असलेलं, चर्च असलेलं, दगडी-लाकडी घरांचं, जिथं माणसं बाराही महिने राहतात आणि सकाळी पाव घ्यायला बेकरीत जातात. तिथंच आठवडाभर राहायचं आणि तिथूनच स्कीइंगला जायचं. असं गाव कुठलं? अशा गावात बर्फाची खात्री असते का? आम्ही डोंगरावर असताना सासूबाईंनी दिवसभर काय करायचं? खोलीत बसवून ठेवायला मी त्यांना एवढ्या लांब नेणार नाही. खाण्याचं कसं जमवायचं? आणि खर्चाचा धड अंदाज कुणी देईल का? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी लिहावं, ही विनंती.

सह्याद्री_भटक्या

ताई, आधी गुलमर्गचा विचार केलात का? व्हिसा नाही, शाकाहारी जेवणाची अडचण नाही, आणि सरकारी स्कीइंग संस्थेचे रीतसर वर्ग असतात. गोंडोलाचा (तारेवरून चालणाऱ्या बंद डब्यांच्या पाळण्याचा) दुसरा टप्पा अफरवट शिखराजवळ जवळजवळ ४,००० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून खाली येणं नवशिक्याचं काम नाही, पण खालच्या मैदानावर मुलं व्यवस्थित शिकतात. मी स्वतः तिथंच शिकलो आणि बर्फ अप्रतिम होता. मुलांना हे आवडतंय की नाही, ते तिथं आठवडाभरात कळेल. मग फ्रान्सचा खर्च करा. गावपण मात्र तुम्ही म्हणता तसं तिथं मिळणार नाही. ती मुख्यतः हॉटेलांची जागा आहे.

शिरोली_लेथ

वहिनी, गुलमर्गचा सल्ला चांगला आहे. फक्त स्कीइंग विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण तुम्ही गाव विचारलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं शिरोली एमआयडीसीत टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातून सुटे भाग बनवायचं, वर्कशॉप आहे. आमच्या धंद्यातल्या माणसांना फ्रान्समधलं आर्व नदीचं खोरं माहीत असतं. तिथल्या क्लूझ गावाच्या आसपास बारीक, अचूक टर्निंगचे कारखाने दाटीवाटीनं आहेत. त्या कामानिमित्त माझं जाणं-येणं सुरू झालं. क्लूझपासून वीसेक किलोमीटरवर, जिफ्र नदीच्या खोऱ्यात, सामोएन्स हे गाव आहे. एका शनिवारी तिथले कारखानदार मला घेऊन गेले, आणि त्या गावानं मला धरूनच ठेवलं. तेव्हापासून मी तिकडची कामं जमेल तशी जानेवारीत काढतो आणि कामाला जोडून सामोएन्समध्ये राहतो. स्कीइंगही तिथंच शिकलो, चाळिशी उलटल्यावर.

हे खोरं समजून घेतलं की गावही समजतं. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली जायची, गुरं गोठ्यात, हातांना काम नाही. मग अठराव्या शतकापासून इथले शेतकरी घरातच लेथ लावून जिनिव्हाच्या घड्याळवाल्यांसाठी सुटे भाग बनवायला लागले. १८४८ साली क्लूझला घड्याळजींची शाळा निघाली, आणि त्यातूनच पुढं आजचा टर्निंगचा उद्योग उभा राहिला. सामोएन्सचे लोक पाथरवट. १६५९ पासून त्यांची बांधलेली संघटना होती. वसंतात हत्यारं उचलून देशभर कामाला जायचे, किल्ले आणि कालवे बांधायचे आणि थंडीला गावी परतायचे. त्यांच्या हातचा घडीव दगड आजही गावभर दिसतो: चर्चमध्ये, कारंज्यात, साध्या घरांच्या चौकटींत. स्कीइंग म्हणजे या लोकांच्या हिवाळी कामांतलं सगळ्यात अलीकडचं काम. लिफ्टच्या, म्हणजे स्कीवाल्यांना उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांच्या, फाटकाशी तुमचा पास बघणारा माणूस उन्हाळ्यात गवत कापताना भेटू शकतो. तुम्ही म्हणता ते गावपण हेच असावं.

आता दुसरी बाजू. १९६०च्या दशकात फ्रेंच सरकारनं उंच डोंगरांवर मोकळ्या जागा हेरून नवी स्की-केंद्रं वसवायची योजना आखली. सामोएन्सच्याच डोंगराच्या पलीकडं फ्लेन आहे. मार्सेल ब्रॉयर या मोठ्या वास्तुरचनाकारानं ते सगळं काँक्रीटमध्ये बांधलं. अशा ठिकाणी दार उघडलं की पायाखाली बर्फ, दाराशी लिफ्ट. नुसतं स्कीइंग करायचं असेल तर सोय उत्तम. पण तुमच्या सासूबाईंना तिथं करण्यासारखं फार थोडं आहे.

गाव निवडलं की उंची गमवावी लागते, हे मात्र आधीच मान्य करून जा. सामोएन्स समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, म्हणजे आपल्या पन्हाळ्याच्याही खाली आहे. जानेवारीत चौकात गुडघाभर बर्फ असेल, किंवा पाऊस पडून हिरवं गवतही दिसत असेल. दोन्ही मी पाहिलंय. अलीकडं अशा कमी उंचीच्या गावांत बर्फ कमी होत चाललाय आणि तिथल्या लोकांना त्याची खरी काळजी लागलेली आहे. म्हणून कुठलंही गाव ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: नवशिक्यांचं मैदान किती उंचीवर आहे? सामोएन्सचं मैदान १,६०० मीटरवर आहे. गावाच्या कडेला वेर्क्लां इथून गोंडोला निघतो आणि आठ-दहा मिनिटांत वर पोचवतो. शिकायचं वर, आणि खाली यायचं तेही गोंडोलानंच. त्यामुळं गावात बर्फ नसला तरी मुलांचा वर्ग बुडत नाही. ज्या गावात शिकायचं मैदान खालीच आहे, ते नवशिक्यानं सोडून द्यावं, गाव कितीही देखणं असलं तरी.

वर पोचल्यावर ग्रां मासिफ हा मोठा जोडलेला प्रदेश लागतो: सामोएन्स, मोरिओं, ले कारो, फ्लेन आणि सिक्स्ट मिळून सुमारे २६५ किलोमीटरचे उतार. पहिल्या आठवड्यात तुम्हाला त्यातले फार थोडे लागतील. फ्रान्समध्ये उतारांना चार रंग असतात: हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल आणि काळा. बहुतेक ठिकाणी नवशिक्यांसाठी थोड्याच लिफ्टवर चालणारा स्वस्त पास असतो. आधी तो घ्या, पूर्ण पासाची घाई नको. फ्लेनच्या बाजूनं सिक्स्टपर्यंत उतरणारा कास्काद नावाचा चौदा किलोमीटरचा निळा उतार आहे. राखीव जंगलातून जातो, वाटेत ना लिफ्ट ना घर. फार सुंदर आहे, पण पहिल्याच वर्षी त्याचा हट्ट धरू नका.

शिकवणी घ्याच. नवऱ्यानं आणि तुम्हीही. लाल जाकीटवाल्या शिक्षकांची ईएसएफ ही जुनी संस्था जवळपास प्रत्येक गावात आहे, शिवाय स्वतंत्र शिक्षकही असतात. मुलांचे गट साधारणपणे रविवारी किंवा सोमवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतात, शेवटी छोटी परीक्षा होऊन बिल्ला मिळतो. अस्वलाचं पिल्लू, हिमकण, पहिला तारा अशा पायऱ्या असतात. नोंदणी करतानाच इंग्रजीत शिकवणारा गट मागून घ्या. मुलांना भाषेचं काही वाटत नाही, पण घाबरलेल्या मोठ्या माणसाला प्रत्येक शब्द कळावा लागतो.

पहिला दिवस बुटांचा असतो. स्कीचे बूट कडक प्लॅस्टिकचे, पोटरीपर्यंत येणारे. सरळ उभं राहिलं की बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागं सरकली पाहिजेत. आत एकच लांब मोजा घालायचा. दोन घातले तर पाय दबून उलट जास्त गार पडतात. मग सपाटीवर चालायचं, सरकत्या पट्ट्यावर उभं राहून थोडं वर जायचं, आणि स्कीची टोकं जवळ आणून मागचे भाग फाकवून थांबायला शिकायचं. उतारावर माणसाचं शरीर आपोआप मागं झुकतं, आणि मागं झुकलं की स्कीवरचा ताबा सुटतो. नडगी बुटाच्या पुढच्या कडेवर टेकवून पुढं झुकायचं, हे मनाविरुद्ध वागणं पहिल्या दोन दिवसांत शिकायचं. तिसऱ्या दिवशी कधीतरी ते जमतं. स्की मधे अरुंद आणि टोकांना रुंद असते. वळणाच्या बाहेरच्या पायावर वजन टाकून ती कडेवर कलवली की तिच्या आकारामुळं ती आपणच वळते. मी आयुष्यभर लोखंड कातलंय. पायाखालची ती पोलादी कड बर्फात बसल्याचं पहिल्यांदा जाणवलं, तेव्हा झालेला आनंद मला आजही सांगता येत नाही. भाड्याच्या दुकानात स्की घेताना कडेवरून नख आडवं ओढून बघा. नखाचा भुगा निघाला तर धार आहे. बोथट कड सकाळच्या घट्ट बर्फावर धरत नाही.

उतारावरचा एक नियम मुलांकडून पाठ करून घ्या: पुढं, खाली असलेल्या माणसाचा हक्क आधी. वरून येणाऱ्यानं त्याला चुकवायचं. आणि थांबायचं ते कडेला, वरून दिसेल अशा जागी.

सासूबाईंचा दिवस मला सगळ्यात सोपा वाटतो. चौकात लिंडेनचं झाड आहे, १४३८ साली लावलेलं. त्याच्याजवळ जुनं चर्च. वरच्या उतारावर जायसिनिया हे वनस्पती-उद्यान आहे. मारी-लुईज जाय ही याच गावची मुलगी. कोवळ्या वयात पॅरिसला गेली, नवरा एर्नेस्त कोन्याकबरोबर तिनं ला सामारितेन हे प्रचंड दुकान उभं केलं, आणि १९०६ साली ही बाग आपल्या गावाला दिली. वाटा चढणीच्या आहेत, निसरडं असेल त्या दिवशी नको. बुधवारी सकाळी गावात बाजार भरतो: मध, भाज्या, चीजची चाकं. नदीकाठी सपाट वाटा आहेत, रोज रंकाळ्यावर चालणाऱ्या बाईला तिथं मजेत चालता येईल. पायी जाणाऱ्यांसाठी गोंडोलाचं वेगळं तिकीट मिळतं. दुपारी त्यांना वर न्या, उन्हात बसू दे, नातवंडं उतरताना बघू दे. एखाद्या दिवशी सिक्स्टच्या पुढं फेर-आ-शव्हालला जा. घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा तिन्ही बाजूंनी उभा, आणि कडाक्याची थंडी असेल तर धबधबे कड्यालाच गोठलेले. मला तिथं गेलं की बोलावंसं वाटत नाही.

तारखा. नाताळ ते नववर्ष महाग आणि गर्दीचं. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना विभागवार सुट्ट्या पडतात, त्या मार्चच्या सुरुवातीपर्यंत लांबतात, आणि तेवढे आठवडे भाडी चढलेली आणि लिफ्टला रांगा. नववर्षानंतर तिथल्या शाळा उघडल्या की जानेवारीचे पुढचे आठवडे शांत आणि स्वस्त. म्हणजे तुमचा महिना बरोबर आहे, मुलांची रजा तेवढी काढावी लागेल. घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच भाड्यानं मिळतात, हे धरूनच विमानाची तिकिटं काढा.

खर्चाचं: पास, भाड्याचं सामान आणि गटातली शिकवणी मिळून मोठ्या माणसाला आठवड्याला सहाशे ते सातशे युरो धरून चला. हा माझा अंदाज, मुलांना थोडं कमी. घर आणि विमान वेगळं. हेल्मेट सामानाबरोबर घ्याच.

आराव्हीच्या डोंगररांगेत ला क्लुझा आणि ल ग्रां-बोर्नां हीसुद्धा जिती-जागती गावं आहेत, गाईगुरांची, रब्लोशों चीजची. मजेव्ह सुंदर आहे, पण रोथशिल्ड घराण्यातल्या एका बाईंनी शंभर वर्षांपूर्वी ते श्रीमंतांसाठी उभारलं आणि भाव अजूनही तसेच आहेत. पण कुठलंही घ्या, एकच घ्या. सात दिवस एकाच घरात राहा. चौथ्या दिवशी बेकरीवाली मुलांना ओळखायला लागते, आणि मुलंही ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय दुकानात पाऊल टाकत नाहीत. पाच शहरांच्या धावपळीत हे कुठून मिळणार?

रंकाळाकाठ

दादा, एवढं मनापासून लिहिलंत, फार आभार. रात्री सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंनी बाजाराचा वार विचारून घेतला. वर्गशिक्षिकांशी बोलले, रजा मिळेल असं दिसतंय.

दोन गोष्टी राहिल्या. नवरा कॉलेजच्या वयात शिवाजी पेठेतल्या एका तालमीकडून फुटबॉल खेळायचा, तेव्हा उजवा गुडघा चांगलाच मुरगळला होता. आता दुखत नाही, पण जिना उतरताना कधी कधी ‘सटकल्यासारखं’ वाटतं म्हणतो. त्यानं स्कीइंग करावं का? आणि सासूबाईंच्या जेवणाचं नीट सांगा ना. चीजचा प्रदेश आहे म्हणजे शाकाहारी माणसाचं निभेल, असं मी धरून चालले होते.

साईक्स_एक्स्टेन्शन

मी हाडांचा डॉक्टर आहे, म्हणून गुडघ्यापुरतं लिहितो. ‘सटकल्यासारखं वाटतं’ हे वाक्य हलकं घेऊ नका. फुटबॉलमध्ये पाय जमिनीत रुतलेला असताना शरीर फिरलं की गुडघ्यातला पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, तुटू शकतो. कित्येक जण तो तुटलेला असतानाही वर्षानुवर्षं सरळ रेषेत चालत-पळत असतात. स्कीइंगमध्ये नेमका वळताना त्याच लिगामेंटवर ताण येतो, आणि तिथल्या गंभीर दुखापतींत हीच नेहमीची. आधी तपासून घ्या, गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतील. त्यानंतरच ठरवा. आत्ता वेळ आहे, जाण्याच्या आदल्या आठवड्यात नसेल.

गुडघा ठीक निघाला, तरी आजपासून तयारीला लागा, सगळ्यांनीच. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बसणं, उठाबशा, आणि एका पायावर पायरी सावकाश उतरणं. जोतिबाच्या पायऱ्या चढताना धाप लागते, पण स्कीइंगसाठी खरा व्यायाम त्या उतरण्यात आहे. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाही वजन पेलतो, तीच ताकद तिथं दिवसभर लागते.

स्कीला बूट ज्या कुलपात बसतो, ते पडल्यावर आपोआप सुटायला हवं. दुकानदार ते वजन, उंची, वय आणि तुमची तयारी बघून लावतो. वजन खरं सांगा. पाच किलो कमी किंवा ‘मला बरंच येतं’ असं सांगितलं, तर कुलूप चुकीचं लागतं आणि त्याची किंमत गुडघा मोजतो. पडताना हातातली काठी सोडून द्यायची, नाहीतर अंगठ्याचा लिगामेंट जातो. आणि दुपारी पाय थरथरायला लागले की ‘शेवटची एक फेरी’ नको, गोंडोलानं खाली या.

आजींसाठी बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे घ्या. त्या वयात गोठलेल्या फरसबंदीवरच्या पडण्याची मला स्कीइंगपेक्षा जास्त भीती वाटते. रक्तदाबाच्या गोळ्या पुरून उरतील इतक्या घ्या, हातातल्या पिशवीत ठेवा, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या. आपल्याकडच्या कंपनीचं नाव तिकडं कुणाला कळणार नाही.

शिरोली_लेथ

डॉक्टरांनी लिहिलं ते बरं झालं. वहिनी, नवऱ्यानं स्कीइंग नाहीच केलं तरी त्याचा आठवडा वाया जाणार नाही. आईबरोबर चालेल, मुलांना वर पोचवेल, आणेल.

जेवणाचं स्पष्ट सांगतो. सव्हाच्या (या डोंगरी भागाचं नाव सव्हा) चीज फाँड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळवलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन असते, बऱ्याचदा वरून कीर्श नावाची चेरीची दारूही. म्हणजे सासूबाईंसाठी बाद. तार्तिफ्लेतमध्ये बटाटा, कांदा, रब्लोशों आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. ‘सां लार्दों’ म्हटलं तर तुकड्यांशिवाय करून देतात, पण त्यातही बऱ्याच ठिकाणी वाइन घालतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रब्लोशों, बोफोर, आबोंदांस ही तिथली नावाजलेली चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. माळकरी माणसाला हे आधी सांगितलं पाहिजे, मग त्या काय ते ठरवतील. साधं दिसणारं सूपही हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं.

म्हणून स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. शेगडी बहुधा इंडक्शन किंवा काचेची असते, ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. स्टीलचा, इंडक्शनला चालणारा छोटा कुकर घरून न्या. बेसन, मेतकूट, कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, डाळी, पोहे, भडंग खुशाल न्या. दुधाचे पदार्थ मात्र अजिबात नकोत. तूप, पेढे, बर्फी, काहीच नाही. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, आणि स्वित्झर्लंडमधून गेलात तरी नियम तोच. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही नकोत, वाळवलेला कढीपत्ता चालतो. तूप तिथंच कढवा. तिथलं लोणी इतकं चांगलं आहे की सासूबाई खूश होतील. तांदूळ, बटाटे, कांदे, कोबी, दही, सगळं दुकानात मिळतं. डोंगरावरून चारला परतलेल्या मुलांना गरम पिठलं-भात मिळाला, की दुसऱ्या दिवशी ती न सांगता बूट घालतात.

विम्याचं नीट बघा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण साध्या प्रवासी विम्यात स्कीइंग बहुधा धरलेलं नसतं. हिवाळी खेळ त्यात लेखी असायला हवेत. फ्रान्समध्ये उतारावरून जखमीला खाली आणायचे पैसे लागतात. पासाबरोबर रोजचे थोडेच युरो देऊन ‘कारे नेझ’ हा विमा मिळतो, तो घ्याच. आणीबाणीचा क्रमांक ११२.

एक दिवस शामोनीसाठी ठेवा, गाडीनं साधारण तासाभराची वाट. १९२४ची पहिली हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा तिथं झाली. एग्युई द्यु मिदी शिखराचा रोपवे जवळजवळ ३,८०० मीटरवर नेतो. इतक्या झटकन इतकं वर जाणं सासूबाईंना सोसेल का, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. त्यापेक्षा मोंतांवेरची दातेरी रुळांची गाडी १,९०० मीटरच्या आसपास हिमनदीपाशी नेते. आणि बोसों हिमनदी खालूनच दिसते, तिथं दोन मिनिटं थांबा. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना शामोनीच्या डोक्यावरच्या मोंब्लां पर्वतावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यात होमी भाभा. त्याआधी १९५० मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ त्याच डोंगरावर कोसळलं होतं. ती हिमनदी अजूनही त्या विमानांचे अवशेष खाली आणून सोडते. तुमची मुलगी बारा वर्षांची आहे, तिला हे कळू द्या. मी दर जानेवारीत तिथं हात जोडतो.

आता कामाला लागा. व्हिसा फ्रान्सचा काढायचा, कारण मुक्काम तिथं आहे. जिनिव्हाला उतरलात तरी तोच चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, डिसेंबरपर्यंत थांबू नका. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. म्हणजे मुलीला पूर्ण, मुलाला अर्धं. बोटांचे ठसे मुलीला द्यावे लागतील, मुलाला नाही. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालू असायला हवा, सगळ्यांचे आज रात्रीच काढून बघा. मुंबईहून जिनिव्हाला विमान बदलून जावं लागतं. झुरिकपर्यंत थेट जाऊन पुढं रेल्वेनं जिनिव्हा, हाही चांगला मार्ग आहे. जिनिव्हाहून क्लूझपर्यंत लेमां एक्सप्रेस रेल्वे आहे, पुढं बस. पण बस मोजक्या असतात, आणि पाच माणसं, बॅगा, कुकर, सगळं घेऊन शनिवारच्या गर्दीत जायचंय, तेव्हा विमानतळावरून गाडीच ठरवा.

आधी मुलांच्या इंग्रजी गटात जागा आहे का ते विचारा. ती मिळाली की त्या शनिवारचं घर, आणि घर पक्कं झालं की तिकिटं. घर बघताना गोंडोलाच्या बसचा थांबा किती लांब आहे ते मालकाला विचारा. स्की खांद्यावर आणि पायात ते बूट असताना अर्धा किलोमीटरही फार होतो. सामोएन्स ठरलं तर इथंच कळवा, मी जिथं राहतो त्या गल्लीची आणि स्की भाड्यानं देणाऱ्या चांगल्या दुकानाची माहिती खासगी निरोपात पाठवतो.